कुलूपवाल्याची वेल

आमचे चावीवाले म्हणजे जन्माचे संशयी. चाळीस वर्षं लोकांची कुलपं दुरुस्त केली, त्यामुळे जगात दोनच प्रकारची माणसं असतात हे त्यांचं ठाम मत: पकडलेले चोर आणि न पकडलेले. सख्ख्या मुलाने पाणी आणून दिलं तरी आधी पेल्यात डोकावणार!

बायको गेली ती पत्र्याची एक डबी मागे ठेवून. आत तीन बिया, फिरकीच्या झाकणावर खिळ्याने कोरलेला वाकडा बाण. "आपल्या मातीतली वेल आहे, निळी फुलं येतात, जपा," एवढंच ती बोलली होती. बाण बघून चावीवाल्यांना हसू आलं होतं. वेडी! झाकण कुठल्या बाजूला उघडायचं, हे कुलूपवाल्याला शिकवतेय!

गच्चीतल्या कुंडीत तीनपैकी एकच बी रुजली आणि त्यांच्या जिवाला घोर लागला. ही तिचीच वेल, की तिची बी मेली म्हणून सुनेने गुपचूप बाजारातली आणून लावली? बाहेरून आलेली हुबेहूब तशीच वेल बाजारात मिळते, फुलंही निळीच. परकी निघाली तर उपटून टाकायची, हे त्यांनी ठरवलं होतं.

त्यात नवी भानगड. रोज सकाळी ते कोवळा शेंडा काठीला गुंडाळून दोरीने सैल बांधायचे, कुलूप लावताना किल्ली फिरवतो तसा. दुसऱ्या दिवशी बघावं तर शेंडा सुटून उलटा गुंडाळलेला! कुठेतरी पाणी मुरतंय. सुनेशिवाय कोण असणार? त्यांनी गच्चीला कुलूप ठोकलं. तरी शेंडा उलटाच. म्हणजे हिने डुप्लिकेट चावी केली! मग कुलपात घालायची काळी पूड त्यांनी काठीवर फासली आणि सकाळी चहाच्या वेळी फर्मावलं, "हात दाखव."

सुनेने कप खाली ठेवून दोन्ही तळवे पुढे केले. स्वच्छ. काळे होते ते त्यांचेच हात.

"बाबा, तिला कुणी शिवत नाही. ती आपली आपण सुटते." "आईंनी मला दाखवलं होतं. आपली वेल किल्ली उघडायला फिरते तशी चढते, बाजारातली लावायला फिरते तशी. ओळख तेवढीच. तुम्हाला ती ओळखता यावी म्हणून तर त्यांनी झाकणावर बाण कोरला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तीन महिने नुसती झडती घेताय."

चावीवाले तसेच उठून गच्चीवर गेले. वेल तिचीच होती. ते रोज तिला पिरगाळत होते, आणि ती रोज मुकाट्याने आपल्या वळणावर परत जात होती. एकेक दोरी त्यांनी सोडवली.

खाली येऊन त्यांनी गच्चीची किल्ली सुनेपुढे ठेवली.

"ही एकच आहे. दुसरी मी करून ठेवलेली नाही."

"मग तुम्ही वर कसे जाणार?"

"तुला विचारून," ते म्हणाले.