कंगवेमामांचा उलटा पट्टा

विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानावर प्लास्टिकची हिरवळ अंथरणाऱ्या टोळीचे मुकादम म्हणजे कंगवेमामा. हिरवळीचा एकेक पट्टा जमिनीला चिकटला, की लांब दांड्याचा ब्रश घेऊन ते त्यावरची पाती विंचरत फिरायचे, म्हणून हे नाव. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर विंचरण्याजोगं काही उरलं नव्हतं. सगळी हौस मैदानावर भागवून घेतात, असं मामी म्हणायच्या.

या हिरवळीचा एक स्वभाव आहे. तिची पाती एका अंगाला किंचित कललेली असतात, म्हणून सगळे पट्टे एकाच दिशेने अंथरावे लागतात. एखादा उलटा पडला, तर तो शेजाऱ्यांशी भांडण झाल्यासारखा निराळ्याच रंगाचा दिसतो. मामांच्या हातून उभ्या आयुष्यात एकही पट्टा उलटा पडला नव्हता. ही गोष्ट त्यांनी इतक्यांदा सांगितली होती, की मैदानाकडेच्या झाडावरच्या पाखरांनाही ती पाठ झाली असावी. त्याच झाडाच्या सावलीत, गोलपोस्टच्या मागे, मामांची खुर्ची असे. तिथून एक डोळा बारीक करून ते काम जोखायचे.

त्या दिवशी मामा जेवणाचा डबा घरी विसरले आणि तो घेऊन मामी पहिल्यांदाच मैदानावर आल्या. रखवालदार चपला घालून हिरवळीवर सोडेना, मामी चपला काढायला तयार होईनात. शेवटी त्या मैदानाच्या लांब बाजूला, प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या. मामा ऐटीत त्यांच्यासमोर उभे राहिले आणि कौतुकाची वाट पाहू लागले.

"छान आहे," मामी म्हणाल्या. "पण अहो, तो मधला पट्टा तुमच्यावर रुसलाय का?"

मामा हसले. उन्हाचा, ढगांचा आणि मामींच्या जुन्या चष्म्याचा दोष त्यांनी सविस्तर समजावला. मग त्यांना खोटं पाडायला म्हणून शेजारी बसले, आणि डोळा बारीक करायचंच विसरले. खुर्चीतून पाती आडवी दिसायची, म्हणून तिथून जे कधीच दिसलं नसतं, ते इथून लख्ख दिसत होतं: मधला पट्टा खरंच उलटा होता. सगळे प्रेक्षक इथूनच पाहणार होते.

सकाळी लावलेला गम अजून ओला होता. संध्याकाळी तो असा धरणार, की पट्टा फाटल्याशिवाय निघणार नाही. आत्ता उचलावा, तर टोळीसमोर इतक्या वर्षांची बढाई उघडी पडणार.

"मी नाही कुणाला सांगत," मामी डबा उघडत हळूच म्हणाल्या. हे मामांना जास्तच लागलं.

घास तसाच ठेवून ते उठले, मैदानाच्या मधोमध गेले.

"उचला रे हा. उलटा पडलाय."

कुणी टाकला, असं एकाने साळसूदपणे विचारलं. दिशा मामांनीच दाखवली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"मी," मामा म्हणाले.

मग काय, टोळीला सणच सापडला. कुणी मामांच्या कंगव्याचे दात मोजून पाहिले, कुणी भांग कुठल्या बाजूला पाडायचा ते विचारलं. मामांनी पट्टा सोलला, फिरवला, पुन्हा चिकटवला आणि स्वतःच्या हाताने विंचरला. पायऱ्यांवरून मामींनी मान डोलावली, तेव्हाच ते जेवायला बसले.

दुसऱ्या दिवसापासून खुर्ची सावली सोडून पायऱ्यांपाशी, भर उन्हात आली. बढाई मात्र गेली नाही. तिला थोडं ठिगळ लागलं, इतकंच. उभ्या आयुष्यात एकच पट्टा उलटा पडला, असं मामा आता पाहुण्यारावळ्यांना अभिमानाने सांगतात.

"मला दिसला तेवढा," मामी आतून म्हणतात.