डाळमिलमधला भंडारा

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, नव्वदच्या आसपासच्या एका दुपारी जळगावातल्या एका डाळमिलच्या मालकाला अचानक अन्नदानाची बुद्धी झाली. साक्षीदार मी. त्या मिलमध्ये हजेरीपट लिहायचं काम माझ्याकडे होतं.

हजेरीपटावर नावं अकरा, मिलमध्ये बाया चाळीस. पटाबाहेरच्या बाया कुठल्या? काही सातपुड्याच्या पायथ्याच्या, काही हद्दीपलीकडच्या मध्य प्रदेशातल्या, काही शिंदखेड्याकडच्या. त्यांच्याकडे ना रेशनकार्ड, ना कसला दाखला. आमचे शेठ हात जोडून म्हणत, "अक्का, कागद आणा, उद्याच नाव लावतो." आणि एखादी खरंच कागद घेऊन आली, तर तिला फाटकातूनच परत पाठवत. शेठला बिनकागदाचीच बाई हवी असे. ती तक्रार तरी कुठल्या नावाने करणार? मी मान खाली घालून अकराच नावं लिहायचो. माझं अक्षर सुरेख होतं, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल.

त्या आठवड्यात सातपुड्यातल्या एका पावरा आदिवासी बाईची दोन बोटं यंत्राच्या पट्ट्यात गेली. शेठने तिला पाणी पाजलं, रिक्षात बसवलं आणि आम्हा सगळ्यांना बजावलं, "ही बाई आपल्याकडे कधी नव्हतीच." नाव नाही म्हणजे बाई नाही, बाई नाही म्हणजे तिची बोटंही नाहीत! मिलमध्ये हात गेला हे कागदावर आलं नाही, तर त्या हाताचं पुढे काय ते तिचं तिने बघायचं होतं.

पण बाई खमकी निघाली. तिसऱ्या दिवशी कारखाना निरीक्षकांनाच घेऊन आली. एरवी साहेब निघाले की शेठला आधी फोन यायचा, आणि पटाबाहेरच्या बाया मागच्या फाटकातून तुरीच्या शेतात जाऊन बसायच्या. या वेळी फोन आला नाही, आणि मागच्या फाटकाला भुशाचा ट्रक लागलेला.

शेठ गोरेमोरे झाले. पण क्षणभरच. लगेच दोन्ही हात पसरून म्हणाले, "या साहेब, या! मुहूर्तावर आलात. आज आपल्याकडे भंडारा. या सगळ्या गोरगरीब बाया, जेवायला बोलावल्यात."

"आणि ही?" साहेबांनी हात बांधलेल्या बाईकडे बोट केलं.

"हिला तर मी आजच पाहतोय."

केसांत डाळीचा भुसा आणि तोंडाला फडकं, अशा थाटात जेवायला आलेल्या चाळीस बाया! पण साहेब कसलेले होते. खुर्ची ओढून म्हणाले, "वा! मग बसू द्या पंगत." आणि त्या बाईला म्हणाले, "तूही बस."

झाली ना पंचाईत! यंत्रं बंद झाली. हलवायाकडे माणूस पळाला. बुंदी आली, शेव आली, अंगणात पत्रावळी पडल्या. एक म्हातारी मोठ्यानेच म्हणाली, "शेठ, आज कोन मरना?" सगळी पंगत खिदळली.

बाया मन लावून जेवल्या. मागून मागून घेतलं. इतक्या वर्षांत या मिलमध्ये त्यांना कुणी "अजून वाढू का?" विचारलं नव्हतं. साहेबही चवीने शेव खात होते. आणि शेठ? रिकामी बसलेली बाई या माणसाला बघवत नसे. इथे तर एकाच वेळी चाळीस बसलेल्या! शेठ येरझाऱ्या घालत होते, गप्प यंत्रांकडे बघत होते, रुमालाने मान पुसत होते. मला तर असा आनंद होत होता की मी कोपऱ्यात जाऊन स्वतःच एक पत्रावळ मांडली.

अर्धा तास झाला. बाया उठायला लागल्या. एवढ्यात त्या पावरा बाईने डाव्या हाताने वाढप्याला खूण केली, अजून बुंदी.

शेठ कॉलेजात शिकलेले. साहेबलोकांशी पुस्तकी मराठी बोलत. पण संतापले की घरची अहिराणीच बाहेर यायची. तशी ती आली, साहेबांच्या खुर्चीपासून दोन हातांवर, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशी:

"ओ बाई, तीन दिनपाईन यंत्रावर तुनी जागा रिकामी शे, आनी तू आठे बुंदी खाई राहिनी?"