गुलाबभाऊंनी हाजरी घेतली होती

प्रकाशचा फोन आला तेव्हा मी कारंज्याच्या बसस्टँडवर मानोऱ्याच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. प्रकाश म्हणजे गुलाबभाऊंचा मुलगा. "गुरुजी, बाबा गेले," एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. मी काहीतरी बोललो असेन, आठवत नाही. गाडी लागली, मी चढलो, खिडकीशी जागा मिळाली... आता या वयात खोटं कशाला बोलू? दुःख व्हायच्या आधी माझ्या मनात आलं ते हे, की चला, ती गोष्ट आता गावात माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. सुटलो. मानोरा येईस्तोवर त्या विचाराची एवढी लाज वाटली, की पिशवी गाडीतच विसरून मी खाली उतरलो आणि कंडक्टरला मागून हाका माराव्या लागल्या. चाळीस वर्षांची दोस्ती, आणि माणूस गेल्यावर पहिलं काय सुचलं तर हे! सहा आठवडे झाले या गोष्टीला. ती गोष्ट आज इथं लिहितो आहे, कारण गावात अजून लोक म्हणतात की गुलाबभाऊंकडून त्या दिवशी चूक झाली. चूक त्यांची नव्हती.

आमचं गाव मानोऱ्यापासून जवळच, टेकड्यांच्या कुशीत. तूर, सोयाबीन, हरभरा, आणि या सगळ्यांवर पहिला हक्क रानडुकरांचा. डुक्कर जेवढं खातं त्याच्या तिप्पट लोळून वाया घालवतं. एका रात्रीत अर्धं वावर असं करून ठेवतं, की पाहणाऱ्याला वाटावं इथं कुणी कुस्त्या खेळून गेलं. गुलाबभाऊंकडे वडिलांच्या वेळची रायफल होती, पीकसंरक्षणाच्या परवान्याची. कुणाच्या वावरात डुकरं बसली की तो शेतकरी वनखात्याकडे अर्ज करायचा, परवानगी आली की गुलाबभाऊंच्या दारात यायचा. भाऊ आधी त्याला भरपूर बोलून घेत. "काहून रे, डुक्कर तुह्या वावरात घुसते तवा तू काय पोहरादेवीले जाऊन बसतं काय? जागली कराले काय झालं?" असं सुरू व्हायचं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस रायफल खांद्याला लावून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, हजर. या कामाचं त्यांनी कधी कुणाकडून काही घेतलं नाही. चहा मात्र लागायचा, आणि तो गोड लागायचा. साखर कमी पडली तर घरधनिणीलाही ऐकवायचे, "वयनी, डुकरानं साखर बी खाल्ली काय?"

शिकारीचा त्यांना शौक होता असं म्हणणारे लोक त्यांना ओळखत नव्हते. रायफल ते तेलपाणी करून आरशासारखी ठेवत, हे खरं. पण जनावर पडलं की भाऊ लगेच गप्प होत. जिवंत होतं तोवर त्याला आईबापावरून शिव्या, आणि पडल्यावर त्याच्याकडे पाठ करून बसणार. वनखात्याची माणसं पंचनामा करून जनावर पुरेपर्यंत जागचे हलायचे नाहीत, आणि फोटो काढायला कुणी मोबाईल काढला तर त्याचं काही खरं नसे. पिल्लं मागं असलेल्या मादीवर त्यांनी कधी नेम धरला नाही. त्यावरून आम्ही भांडलोही. मी म्हणालो, "भाऊ, उद्या हीच पिल्लं मोठी होऊन माझी तूर खातील." तर म्हणे, "मंग उद्या पाहू ना मास्तर, तुमी आजच काहून मरून राह्यले?" शाळेतला मी गुरुजी, सगळं गाव मला गुरुजी म्हणायचं. मास्तर म्हणणारे एकटे तेच.

त्यांची एक पद्धत होती, आणि सगळं लिहायचं ते त्या पद्धतीमुळेच. तूर डोक्याच्या वर वाढते. आत माणूस आहे की डुक्कर, बाहेरून काही कळत नाही, नुसते शेंडे हलताना दिसतात. म्हणून आठ-दहा माणसं डबे वाजवत तुरीत शिरायची, डुकरं एका कोपऱ्यात दाबायची, आणि मग सगळ्यांनी बाहेर निघून धुऱ्यावर उभं राहायचं. तोवर रायफल रिकामी. मग भाऊ एकेकाचं नाव मोठ्यानं घेत आणि ज्याचं नाव त्यानं ओरडून ओ द्यायची. शेवटची ओ आली की ते खिशातून काडतूस काढून भरत. त्यानंतर तुरीत जे हललं ते डुक्कर. याला गावात हाजरी म्हणत. पोरं हसायची, भाऊ रागवायचे. एकदा एकानं नावाला उत्तर न देता नुसता हात वर केला, तर भाऊ रायफल घेऊन सरळ घरी निघून गेले होते. डुकरांनी त्या वावरात दिवसभर मजा केली.

अकरा वर्षं झाली. सुदामच्या तुरीत डुकरं बसली होती. सुदामचं आणि भाऊंचं वावर एकाच धुऱ्यानं जोडलेलं, दोघं लहानपणापासूनचे सोबती. सुदाम स्वतःच बोलवायला गेला होता. सकाळची वेळ, रविवार, म्हणून मीही डबा घेऊन गेलो. डबे वाजवून हाका झाला, सगळे बाहेर आलो. सुदामला मी नाल्याकडे उतरताना पाहिलं होतं, पाणी प्यायला गेला असणार. म्हणजे तो वावराबाहेर होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. भाऊंनी हाजरी सुरू केली. सुदामचं नाव आलं... आणि ओ आली नाही. भाऊंनी पुन्हा नाव घेतलं. कोपऱ्यात डुकरं खुरखुरत होती, आता फुटतील की मग फुटतील असं झालं होतं. आणि मी ओरडलो, "हाये, हाये!"

का ओरडलो? वर्गात एकानं दुसऱ्याची हजेरी दिली तर मी त्या पोराला बाकावर उभं करत असे. पण गावात आम्ही सगळे तेच करतो. कामाच्या मस्टरवर शेजारणीचं नाव आलं की बाई "आली हाये, आली हाये" म्हणते, ग्रामसभेत एक माणूस चौघांच्या नावाला हो म्हणतो. त्यात कुणाला फसवणूक वाटत नाही, उलट माणुसकी वाटते. आपला माणूस आहे, आत्ता येईल, त्याचा खाडा कशाला पाडायचा? तशीच ती ओ माझ्या तोंडातून गेली. भाऊंनी काडतूस भरलं. सुदामची चप्पल हाक्यात तुरीतच राहिली होती. नाल्यावरून तो पलीकडच्या बाजूनं वर आला आणि वाकून चप्पल शोधत पुन्हा तुरीत शिरला. शेंडे हलले.

गोळी गुडघ्याच्या वर लागली. बैलगाडी, मग जीप, मग वाशीम, तिथून अकोला. जीव वाचला, पाय वाचला, गुडघा कायमचा ताठ झाला. दवाखान्याच्या जिन्याखाली भाऊ भिंतीला टेकून बसले होते, अंगावर सुदामच्या रक्तानं माखलेला शर्ट. मी जवळ गेलो. तेच बोलले, वर न पाहता. "आवाज तुमचा होता, मास्तर. दुसऱ्या कोनाचा असता त मी पुन्हा इचारलं असतं. तुमचा होता म्हनून भरलं काडतूस." मी रडायला लागलो तर चिडले. "रडू नोका. तुमची तीन वर्सं नौकरी राह्यली हाये. माही बंदूक त तशीबी जमा होनार." आणि पोलिसांना दिलेल्या जबाबात त्यांनी सांगितलं, की त्या दिवशी घाईत हाजरी घ्यायची विसरलो. धुऱ्यावरच्या बाकीच्यांना त्यांनी हात जोडले, ते गप्प बसले, आणि सात-आठ वर्षांत कुणी वारलं, कुणी पुण्याकडे कामाला गेलं, गावात त्यातलं कुणी उरलं नाही. मी... मीही तसाच जबाब दिला, सही केली आणि घरी आलो.

रायफल ठाण्यात जमा झाली, परवाना गेला, कोर्टाच्या तारखा झाल्या, शेवटी मिटलं. सुदामच्या मनातलं मात्र मिटलं नाही. त्याचं म्हणणं एकच होतं, आणि ते तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. "सगळ्यांची हाजरी घेते, अन् माह्याच वावरात काहून इसरला? मी का जनावर होतो?" भाऊ दवाखान्यात भेटायला गेले तर त्यानं भिंतीकडे तोंड केलं. पुढं वावरात जायची पायवाट बदलली, ताठ पाय ओढत लांबून जायचा, पण भाऊंच्या धुऱ्यावरून जायचा नाही. तो येताना दिसला की भाऊ बैल थांबवून तो जाईपर्यंत उभे राहत. मी हे सगळं पाहत होतो. निवृत्त झालो, सत्कार झाला, शाल-श्रीफळ मिळालं. नोकरी संपल्यावर तरी बोलायला काय हरकत होती? काही नव्हती. पण तोवर सवय झाली होती, आणि गावातली गुरुजी ही हाक सोडवत नव्हती. भित्रा माणूस मी, दुसरं काय!

शेवटचा भेटलो तेव्हा भाऊ ओसरीवर बाजेवर पडून होते. अंगावर मांस उरलं नव्हतं. बाजूला त्यांच्या पत्नी अनुसयावहिनी तूर पाखडत होत्या. त्या आत गेल्याचं पाहून मी म्हणालो, "भाऊ, सुदामला सांगून टाकतो आता." त्यांनी डोळे उघडले. "माह्यासाठी सांगत असान त नोका सांगू. माहं काय राह्यलं? त्याच्यासाठी सांगा. अकरा वर्सं झाले, तो समजून राह्यला, का मी त्याले मोजलंच नाही." मी हो म्हणालो. उद्या जातो म्हणालो. तीन आठवडे रोज उद्या जातो म्हणत होतो, आणि मग कारंज्याच्या स्टँडवर तो फोन आला. मातीला सगळं गाव होतं. सुदाम नव्हता.

तेरवी झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सुदामकडे गेलो. तो अंगणात दोर वळत बसला होता, पाय समोर सरळ पसरून. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. बसलो असतो तर कदाचित पुन्हा चहा घेऊन परत आलो असतो. मला वाटलं होतं तो शिव्या देईल, काठी उचलेल, आणि खरं सांगतो, त्यानं तसं करावं असंच वाटत होतं. त्यानं दोर बाजूला ठेवला, भिंतीला धरून उठला आणि चालायला लागला, भाऊंच्या घराकडे, अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी मागोमाग.

वहिनी ओसरीवरच होत्या. बाज अजून तिथंच होती, उचलायची कुणाची हिंमत झाली नव्हती. सुदामला पाहून त्या गडबडल्या, पदर सावरला, "ये बाप्पू, बस," म्हणाल्या. तो बसला नाही. "वयनी, भाऊ माहं नाव घेत होते काय?" एवढंच विचारलं. वहिनींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं माहीत होतं, हे मला त्या क्षणी कळलं. मी त्यांच्या हातचा चहा अकरा वर्षं पीत आलो होतो.

"शेवटल्या चार दिवसांत शुद्ध नव्हती त्याईले," वहिनी म्हणाल्या. "पडल्या पडल्या हाजरी घेत. चांगली मोठ्यानं. एक एक नाव घेत, अन् तुह्या नावापाशी आले का थांबत. वाट पाहत. मंग पुन्हा तुह्यंच नाव. त्याच्यापुढचं नाव काही त्याईनं घेतलं नाही."

सुदाम बाजेच्या कडेला धरून हळूहळू खाली बसला, ताठ पाय ओसरीभर लांब झाला. बराच वेळ तो त्या रिकाम्या बाजेवर नुसता हात फिरवत होता. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाला, "मले मातीले तरी येऊ द्याचं होतं ना, गुरुजी."