आधी साबण, मग ऊद

आमचे हे रियाधला अत्तराच्या दुकानात होते. जवानी तिथंच गेली म्हणा. गिऱ्हाईक आलं की त्याच्या हाताला अत्तर लावायचं, निखाऱ्यावर ऊद, म्हणजे ते सुवासिक लाकूड, जाळून दाखवायचा, दिवसभर त्या धुरात उभं राहायचं. धुरानं म्हणा, नाहीतर वयानं म्हणा, ह्यांचं नाक गेलं. वास यायचाच बंद झाला. मला कळलं ते एकदा भात खाली लागला तेव्हा. मी आतल्या खोलीतून धावत आले, तर हे शेगडीशेजारी बसून चहा पितायत. म्हटलं, "अहो, वास नाय आला?" म्हणाले, "कसला गो?"

दुकानात मात्र कुणाला पत्ता लागला नाही. बाटलीचा रंग बघून, उदाचा तुकडा बोटात फिरवून हे माल ओळखायचे.

मग सौदीकरण सुरू झालं. दुकानात आता सौदीचीच मुलं बसणार, बाहेरच्या माणसानं बसायचं नाही. तिथल्या आमच्या बिल्डिंगमधून एकेक बिऱ्हाड जायला लागलं. जिन्यात नेहमी दोरीनं बांधलेले खोके दिसायचे. आमची मुलगी तेव्हा बारावीला. ह्यांचा इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, गेला की आम्हा तिघांनाही निघावं लागणार, आणि वर्षाच्या मधेच तिला गावी कुठली शाळा घेणार? मला दुसरं काही नको होतं. पोरीची परीक्षा होईस्तोवर आम्हाला कुणी उठवू नये, एवढंच.

ह्यांचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आम्ही तिथं राहायचो तो दुकानाचा मालक, म्हातारा होता, मनानं वाईट नव्हता. म्हणाला, "दुकान खलास. पण माझी कॅरवान आहे, ती सांभाळ. इकाम्यावरचं काम बदलून घेतो." कॅरवान म्हणजे गाडीमागं ओढत न्यायचं घर. थंडी पडली की तिथली माणसं बायकामुलं घेऊन वाळूत राहायला जातात, त्यांना हा ती भाड्यानं द्यायचा. आत झोपायला फळ्या, छोटं मोरीघर, शेगडी. पुढच्या दांड्यावर गॅसचे दोन बाटले पट्ट्यानं बांधलेले, आणि तिथून रबरी नळी आत गेलेली.

कफीलनं सगळं दाखवलं आणि बजावलं, "पाहुणे यायच्या आधी बघायचं. गॅसचा जरा वास आला तरी बाटला बंद."

हे "तमाम, तमाम" म्हणाले, म्हणजे ठीक, ठीक. तो गेल्यावर माझ्याकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तुला यायला लागंल माझ्याबरोबर."

तशी मी जायला लागले. मुलगी शाळेत, आम्ही दोघं कॅरवानवर. कफीलला सांगितलं, बायको झाडलोट करते. खरं म्हणजे मी ह्यांचं नाक होते.

काम मला पटकन आलं. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण नळीला काय शाळा लागते? उन्हानं रबर कडक होतं. नळी वाकवून बघायची, चिरा दिसल्या की बदलायची. बाटला लावला की भांड्याच्या साबणाचा फेस करून जोडावर चोपडायचा. फेस नुसता बसून राहिला तर ठीक, फुगे यायला लागले तर गॅस सुटतोय. बाटल्यावर लिहिलेलं मुलीनं एकदा वाचून दाखवलं. ती आमच्याशी हिंदीच बोलायची. म्हणाली, "अम्मी, ये गॅस हवा से भारी होती है. ऊपर नहीं जाती, नीचे बैठती है." मी म्हटलं, "बरं बाई, तू अभ्यासाला बस."

फेस हे बाहेरच्या जोडांना लावायचे. आत शेगडीच्या मागं हात जात नव्हता, तिथं माझ्या वासावर चालायचं. आणि सगळं झालं की हे आतमधे ऊद फिरवायचे. तिथं पाहुणा यायच्या आधी घराला ऊद द्यायचा रिवाजच आहे. पण ह्यांना ते काम जीव की प्राण होतं. स्वतःला वास येत नव्हता, तरी पडद्यांना, गाद्यांना असा धूर द्यायचे, जणू दुकानच उघडलंय.

त्या दिवशी कॅरवान नव्या जागी ओढून आणली होती. रस्ता खडबडीत. पाहुणे लवकर येणार असा कफीलचा फोन आला, म्हणून ह्यांनी आल्याआल्या बाटला उघडला आणि बाहेर वाळूत कोळसाही आधीच पेटवला. मी आत गेले. उभ्यानं हुंगलं, तर पडद्यांतला मागच्या खेपेचा ऊद तेवढा नाकात भरला. दुसरं काही नाही. ओलं फडकं घेऊन फरशी पुसायला खाली बसले, तर खाली वास! कुजल्या कांद्यासारखा, दाट. मुलीचं बोलणं आठवलं. मान वर केली, तर दारात हे उभे, हातात ऊददाणी, निखारे लालबुंद.

"आत येऊ नका! मागं व्हा!"

"अगो, काय झालं?"

"मागं व्हा म्हणते ना! ते वाळूत पुरा!"

कधी नव्हे ते मी ह्यांच्यावर ओरडले. ह्यांनी धावत लांब जाऊन निखारे वाळूत दाबले. मी उतरले, बाटला बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या आणि चादर घेऊन फरशीवरची हवा बाहेर हाकलत बसले, पाणी लोटावं तशी. हे लांब वाळूतच बसून राहिले.

तेवढ्यात कफील आला. आधी त्यानं विचारलं, "ऊद कुठाय?"

मला वाटलं, हे काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. पण ह्यांनी खरं ते सांगितलं. "मला वास येत नाही, कधीपासूनच येत नाही. ही हुंगते." मी तोंडावर पदर घेऊन उभी. आता परत जायचं, पोरीचं वर्ष गेलं, एवढंच डोक्यात.

कफीलनं वाळूत पुरलेल्या निखाऱ्यांकडं बघितलं. मग म्हणाला, "माझ्या दुकानात तू मला ऊद निवडून द्यायचास. नाकाशिवाय?"

"हातानं," हे म्हणाले.

"आणि इथं ही हुंगते? म्हणजे मी पगार भलत्याच माणसाला देतोय!" आणि हसला. हसला तसा मला धीर आला.

शेगडी पुढं ओढून बघितली. मागची नळी पत्र्याच्या कडेला घासून फाटली होती. कफील स्वतः गाडी घेऊन नवी आणायला गेला. पाहुणे आले, त्यांना आम्ही बाहेर सतरंजीवर बसवलं, लाकडं पेटवून दिली. ती माणसं त्यातच खूष. कफीलनं जाताना एवढंच सांगितलं, "थंडी संपेपर्यंत राहा. पण आतल्या नळीलापण साबण लावायचा, नाकावर सोडायचं नाही. यल्ला, लागा कामाला."

पोरीनं परीक्षा दिली. मग आम्ही गावी आलो.

आता इथं बाटला बदलला की साबणाचा फेस मीच लावते. हे ऊददाणी घेऊन दाराबाहेर उभे राहतात. मी "या" म्हटलं की मगच आत येतात. निखाऱ्यावर ऊद घालतात, धूर वर जायला लागला की माझ्याकडं बघतात. "कसा हाय गो?" मी सांगते. आज गोड हाय, जरा ओल्या लाकडासारखा. हे मान हलवतात, जणू आपल्यालाच आला वास.