जयवंतच्या गालावरची खूण

ॲलॉयशियस परेराच्या हातून एकही कुरूप माणूस कधी दुकानाबाहेर गेला नाही. गिरगावात ठाकुरद्वाराच्या मागच्या गल्लीत त्याचा फोटो स्टुडिओ होता. माणूस आत जायचा तो देवाने घडवला तसा, आणि आठवड्याने पाकिटातून बाहेर यायचा तो देवाने जरा मन लावलं असतं तर जसा झाला असता तसा. मधलं काम परेराच्या पेन्सिलीचं. फोटोची काच उजेडासमोर तिरकी धरायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि टोकदार पेन्सिलीने चेहऱ्यावर बारीक बारीक ठिपके देत बसायचं. काचेवर पेन्सिल लागली की कागदावर तेवढी जागा उजळ उठते. व्रण बुजतात, डोळ्यांखालची काळी वर्तुळं जातात, सासूच्या कपाळावरच्या आठ्यासुद्धा जातात. याला तो ‘हात फिरवणं’ म्हणायचा. गिरगाव-लालबागातली कितीतरी लग्नं या पेन्सिलीने जमवली होती. पुढे त्या संसारांचं जे झालं त्याचा दोष पेन्सिलीवर घालण्यात अर्थ नाही.

एकदा तर तोंडभर देवीचे व्रण असलेले एक साहेब आले. कुठल्याशा मोठ्या जागेवर नेमणूक झाली होती आणि वर्तमानपत्रात छापायला फोटो हवा होता. परेरा तीन दिवस त्या चेहऱ्यावर खड्डे बुजवत बसला. साहेबांनी फोटो पाहिला, खिशात घातला आणि जाताना परेराशी चक्क हात मिळवला.

तक्रार केली ती एकटीनेच. कौसल्या तिचं नाव, राहणारी काळाचौकीची. नवरा जयवंत गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. लग्नाआधी एकदा साच्यातला धोटा उडून त्याच्या डाव्या गालावर बसला आणि तिथे बोटभर लांब काळी खूण कायमची राहिली. बाबासाहेबांनी दीक्षा दिली त्याच्या पुढच्या हिवाळ्यातलं यांचं लग्न. ब्राह्मण नाही, होम नाही, बुद्धवंदना म्हणून लागलेलं त्या चाळीतलं पहिलंच. म्हणून हौसेने फोटो काढायला परेराला बोलावलं. फोटो आला, चाळ गोळा झाली, आणि नव्या नवरीने तो उलटसुलट करून विचारलं, “मास्तर, हे कोण?”

“कोण म्हंजे? तुझा नवरा.”

“आमच्यांच्या गालावर खूण हाय.”

“ती मी काढली. फुकट.”

“पण मी तर खूण बघूनच हो म्हटलं हुतं,” कौसल्या म्हणाली. “म्हटलं, मार खाऊन उभा ऱ्हायलाय, टिकल.”

परेराला हे काही समजलं नाही. समजायची त्याने खटपटही केली नाही. फोटो मात्र भिंतीवर लागला, कारण चौकटीला सोनेरी नक्षी होती.

ते दिवस भलतेच धामधुमीचे होते. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, याशिवाय गिरणगावात दुसरं बोलणं नव्हतं. आज सभा, उद्या मोर्चा, परवा मोर्चाबंदी आणि तेरवा बंदी मोडून पुन्हा मोर्चा. अशात इन्स्पेक्टर खानविलकर परेराच्या दुकानात आले. खानविलकर मनातून संयुक्त महाराष्ट्रवालेच, पण पगार द्वैभाषिक राज्याचा. त्यांच्या डोक्यात एक कल्पना शिरली होती. शिपायाने पाहिलेला माणूस कोर्टात टिकत नाही, वकील त्याची त्रेधा उडवतो. मग मोर्चातल्या माणसांचे फोटोच काढले तर? चेहरे कागदावर, कागद टेबलावर, की पाहिजे तेव्हा पाहिजे तो माणूस उचलावा.

“माणूस खोटं बोलतो, मिस्टर परेरा,” खानविलकर म्हणाले. “कॅमेरा बोलत नाही.”

परेरा फुगला. सरकारला आपली गरज लागली, ही गोष्ट त्याने जेवताना बायकोला तीनदा सांगितली. डोरोथी माशातले काटे निवडल्यासारखं त्याचं बोलणं निवडत होती. तिने एवढंच विचारलं, “ज्यांचे फोटो काढणार त्यांना विचारलंस काय?”

“मोर्चात कोण कोणाला विचारतो?”

“दुकानात येतात ते आपण होऊन येतात रे, ॲलॉय. हे कोण आले होते?”

परेराने भातावर कालवण ओढून घेतलं आणि विषय बदलला.

ठरल्या दिवशी त्याला लालबागच्या एका चाळीच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या लुगड्यांच्या आड उभं करण्यात आलं. हुकूम होता की कोणाला दिसायचं नाही. आता तीन पायांवर उभा असलेला कॅमेरा आणि वर काळा फडका घेतलेला माणूस लुगड्याआड लपवायचा म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवण्यातलाच प्रकार. मोर्चा कोपऱ्यावर आला आणि पहिल्याच रांगेतून हाक आली, “अरे, परेरा मास्तर हाय वर!” बातमी रांगेरांगेने मागे गेली. घोषणा थांबल्या. कंगवे निघाले. टोप्या सरळ झाल्या. उंच माणसं आपण होऊन मागे गेली, बुटकी पुढे आली, दोघा म्हाताऱ्यांसाठी हॉटेलातून खुर्च्या आल्या, आणि बंदी मोडून निघालेला तो बेकायदा जमाव श्वास रोखून वर बघत उभा राहिला. परेराने सवयीने एक बोट वर केलं. सगळे हसले. त्याने फोटो घेतला.

खानविलकर हे पाहून धावत आले आणि गर्दीत शिरले. त्या रेटारेटीत त्यांची टोपी पडली. जयवंतने ती उचलली आणि झेंड्याच्या काठीला वर अडकवली. मग टोपीसह आणखी एक फोटो द्यायचा म्हणून सगळे पुन्हा नीट उभे राहिले. परेराने तोही घेतला. वाईट फोटो वाया गेला तर चालेल, पण चांगला सोडवत नाही, हा त्याचा धर्म.

झालं. आता टोपीवाला माणूस शोधायचा. परेराने फोटो वेळेवर दिले, झकास दिले. खानविलकर ते घेऊन चाळीचाळीतून हिंडले आणि हैराण झाले. फोटोत सगळे राजबिंडे. गोरेपान, तुकतुकीत, एकाच्या तोंडावर सुरकुती म्हणून नाही. असले तरुण अख्ख्या गिरणगावात कोणी पाहिले नव्हते. एका म्हातारीने फोटो पाहून विचारलं, “सायब, ही वराडातली मानसं कुठली?” परेराने सवयीने पुढच्या सगळ्या रांगेवर हात फिरवला होता. त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

फिरत फिरत खानविलकर कौसल्याच्या दारात आले. जयवंत आत होता. नाक तेच, बांधा तोच, पण गालावर ही भली मोठी खूण. फोटोत खूण नाही.

“हा तुझा नवरा का?” त्यांनी फोटो पुढे केला.

“न्हाई,” कौसल्या म्हणाली. खोटं बोलल्यासारखं तिला वाटलंही नाही. “ह्यांच्या गालावर खूण हाय. बघा की.”

खानविलकर वळले, आणि वळताना त्यांची नजर वर गेली. भिंतीला कान असतात म्हणतात, त्या भिंतीला तोंड फुटलं होतं. सोनेरी चौकटीत टोपीवाला माणूस गळ्यात हार घालून उभा होता, आणि त्याच्याही गालावर खूण नव्हती. खानविलकरांनी वरचा फोटो पाहिला, हातातला पाहिला, खालचा माणूस पाहिला. मग त्यांनी माणूस आणि लग्नाचा फोटो दोन्ही उचलून नेले.

दुसऱ्या दिवशी ते परेराच्या दुकानात हजर झाले आणि टोपीवाल्या फोटोची काच त्यांनी काढायला लावली. “ही पेन्सिल पुसून द्या. खूण दिसली की केस पक्की. सहा महिने तरी आत जाईल लेकाचा.”

सहा महिने आत म्हणजे गिरणीतलं नाव गेलं, नाव गेलं की खोली गेली, आणि कौसल्या रस्त्यावर. हे परेराला कोणी सांगायची गरज नव्हती. पेन्सिल पुसायला टर्पेंटाइनचा एक बोळा पुरे होता. बाटली समोरच होती. त्याने भिंग लावलं आणि काच उजेडाला धरली. पुढची रांग त्याच्याकडे बघत होती. विंचरलेले केस, सरळ केलेल्या टोप्या, खुर्चीवरचे म्हातारे. त्या लोकांनी भांग पाडला होता तो परेरा मास्तरसाठी, पोलिसांसाठी नव्हे. परेराला लाज वाटली. चारचौघांत धोतर सुटावं तशी वाटली.

“निघत नाही ती, साहेब,” तो म्हणाला. “एकदा लागली की लागली.”

खानविलकर गेल्यावर तो पाणी प्यायला दुकानामागच्या घरात आला. डोरोथी म्हणाली, “खोटं तू रोज बोलतोस, पेन्सिलीने. आज पहिल्यांदा तोंडाने बोललास.”

“आणि कोर्टात बायबलवर हात ठेवून विचारलं तर?”

“मग खरं सांगायचं. दुसरं काय?”

परेराची झोप उडाली. देवाला फसवायची त्याच्यात हिंमत नव्हती, आणि खरं बोलायचं म्हणजे जयवंतला आत घालायचं. केस उभी राहिली त्या दिवशी तो रविवारचा कोट घालून, मनातल्या मनात सगळ्या संतांना मेणबत्त्या बोलत कोर्टात गेला. जयवंतच्या बाजूने गिरगावचे हेरंब वकील होते. परेराने बायबलवर हात ठेवला, मॅजिस्ट्रेटकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. वर देवीचे व्रण होते. सगळे. त्याने एकेक करून बुजवलेले, जिथल्या तिथे परत.

मॅजिस्ट्रेटनीही त्याला ओळखलं. ते कागदांत बघू लागले.

“हा फोटो आहे तसाच आहे, की तुम्ही त्यात फेरफार केलाय?” हेरंब वकिलांनी विचारलं.

“हात फिरवलाय,” परेरा म्हणाला.

“का?”

“सवय, साहेब. मी सगळ्यांवरच फिरवतो.”

“सगळ्यांवर? म्हणजे शहरातल्या मोठमोठ्या लोकांवरसुद्धा?”

“मोठ्यांवर जास्त लागतो,” परेरा म्हणाला. बायबलवर हात होता, तो तरी काय करणार. मॅजिस्ट्रेटसाहेबांना खोकला आला.

“म्हणजे लग्नाचा फोटो खोटा, मोर्चाचा फोटो खोटा,” हेरंब वकील म्हणाले, “आणि एका खोट्याने दुसऱ्या खोट्याची साक्ष द्यायची. महाराज, आज न विचारता रस्त्यावरच्या माणसाचा चेहरा नेला. उद्या तोच चेहरा कोणाच्याही धडावर बसवतील.”

सरकारी वकील तावातावाने उठले. “मिस्टर परेरा, मला एवढंच सांगा. केलेली पेन्सिल पुसून मूळचा चेहरा परत आणता येतो की नाही?”

परेराने डोळे मिटले. हाच तो प्रश्न. ‘येतो’ हा शब्द त्याच्या ओठांवर आला होता.

“बसा,” मॅजिस्ट्रेट म्हणाले.

“पण महाराज, फक्त एवढंच—”

“बसा म्हणतो ना. कोणाचा मूळचा चेहरा कसा होता, हे उकरत बसायला हे कोर्ट रिकामं नाही. फोटो पुरावा म्हणून घेता येणार नाही. दुसरं काही आहे? नाही? आरोपीला सोडा.”

खानविलकरांची टोपी काठीवर कोणी चढवली, ते सरकारदरबारी कायमचं गुलदस्त्यात राहिलं. परेराचं सरकारी काम त्याच दिवशी सुटलं, आणि महिनाभर त्याच्या दुकानात लालबाग-काळाचौकीची रीघ लागली. प्रत्येकाला मोर्चातला आपला फोटो पाहिजे होता. इतके देखणे ते पुन्हा कधी दिसणार नव्हते.

कौसल्या आली ती सगळ्यांच्या मागून. पदराखाली लग्नाचा फोटो होता, कोर्टातून परत आलेला. नक्षीचा एक कोपरा फुटला होता.

“मास्तर, हा बदलून द्या. खूण घालून द्या.”

“अगं, याच फोटोने तो सुटला.”

“पोलिसांला चुकवायला हा बरा हुता,” कौसल्या म्हणाली. “घरात मला ते पायजेत.”

परेराने हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग उठून त्याने फळीवरून त्या लग्नाची काच काढली, टर्पेंटाइनची बाटली उघडली आणि बोळा भिजवला. उभ्या जन्मात त्याने कोणाचा चेहरा असा पुसला नव्हता. बोळा गालावरून एकदा फिरला, दोनदा फिरला, आणि काचेत धोट्याची ती बोटभर खूण हळूहळू वर आली. कौसल्याने वाकून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

डोरोथी दारात उभी होती. “इन्स्पेक्टरला निघत नाही म्हणालास.”

“त्याचा नव्हता तो चेहरा,” परेरा काच पुसत म्हणाला. “हिचा आहे.”