वाटीवरची मिरची

चुलीपुढं जन्म काढला की राखेसारखे किस्सेही साचतात. राख निदान उकिरड्यावर टाकता येते! आमच्या सारंगखेड्याच्या घरातलं कुणी पोटानं जेवतच नव्हतं, मग दुसरं काय होणार?

थोरल्या दिरांना कायम अपचन. जेवून उठले की सासूबाई म्हणायच्या, आज कमीच जेवलास. की ते परत बसायचे! सासूबाई आठ दिवस माहेरी गेल्या, तर दीर अर्ध्यावर उठू लागले आणि ओव्याची पुरचुंडी तशीच पडून राहिली. सासूबाई परतल्या आणि लेक वाळला म्हणून दारातच रडल्या, “मन्हा आंडोर सुकाई गया व माय!”

नणंदेला वांगं बघून मळमळायचं. शेजारणीकडे मात्र तेच वांगं बोटं चाटून खायची. मी आमचंच भरीत भिंतीवरून शेजारी पोचवलं. नणंद तिकडून जेवून आली आणि मला म्हणते, वहिनी, तिच्या हाताची चव तुला यायची नाही!

पण घोर होता तो सासऱ्यांचा. आप्पांच्या पोटात आग पडायची. डॉक्टरनं बजावलं, मिरची सोडा, नाहीतर आतून रक्त येईल. फिकी भाजी बघून आप्पांनी ताट सरकवलं. “हाई काय दवाखानानं खाणं शे?” दोन दिवस उपाशी राहिले, हट्टी माणूस!

मग मी कांदा-खोबरं काळंकुट्ट भाजलं, वर तेलाचा तवंग सोडला, तिखटाचा कणही घातला नाही. वाटीवर तळलेली एक लाल मिरची देठासकट ठेवली, नुसती बघायला. आप्पांनी घास घेतला, नाक ओढलं, कपाळ पुसलं. “आते बरं वाटस!” मिरची मी उचलून ठेवायची, दुसऱ्या दिवशी तीच! महिनाभरात आग थांबली.

यात्रेला घोड्यांचे एक व्यापारी जेवायला आले. हिरव्या मिरच्या काकडीसारख्या चावणारा गडी. आप्पा म्हणाले, आमच्या सुनेची भाजी खाऊन दाखवा. मी दाराआड. हा फिकी म्हणाला की आप्पा उद्यापासून खरं तिखट मागणार!

व्यापाऱ्यांनी घास घेतला. दुसरा घेतला. थांबले. वाटीकडे बघितलं, मग आप्पांकडे. आप्पांनी पागोटं काढून ठेवलेलं, नाक वाहतंय, डोळे पुसतायत.

व्यापाऱ्यांनीही हळूच फेटा सोडला. कपाळावरचा घाम टिपला, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले आणि दाराकडे वळून म्हणाले,

“बेटी, जरासा गूळ शे का?”