चंद्रभानच्या बैलांचे डोळे

सिंदी रेल्वे गावातल्या आमच्या गल्लीत चंद्रभान सुतार होता म्हणून तान्हा पोळा होता, असं मी म्हणतो. कोणी नाही म्हणून दाखवावं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं चाकांवरचे लाकडी बैल ओढत घरोघर नेतात. लोक बैलाची पूजा करून पोरांच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे, ठेवतात. चंद्रभान सागवानात बैल करायचा. वशिंड, शिंगं, गळ्यातली माळ, सगळं करायचा, फक्त डोळे सोडायचा. गिऱ्हाईक पोराला घेऊन आलं की दोर पोराच्या हातात द्यायचा आणि मगच ब्रश उचलून डोळे काढायचा. डोळे उघडले की बैल त्या पोराचा झाला, ही त्याच्या घरची रीत. गावानंही ती मानलेली.

दोन हजार चारच्या सुमारास बाजारात प्लास्टिकचे बैल आले आणि चंद्रभानच्या अंगणातली गर्दी ओसरली. त्याचा एकुलता एक मुलगा अंकित बापाच्या हाताखाली चांगला तयार झाला होता. तो एक दिवस म्हणाला, "बाबा, वेबसाइट काढू. यंदा ऑर्डरी आल्या तर मी इथंच राह्यतो. नाई तर पुण्याले जातो, कंपनीत." वेबसाइट काय असते ते चंद्रभानला कळलं नाही. मुलगा राहील, एवढं मात्र कळलं.

वर्ध्यात नेट कॅफे चालवणारा निकेश कॅमेरा घेऊन आला. बैल पाहून त्याचं तोंड वाकडं झालं.

"काकाजी, हे तं आंधये दिसून राह्यले. फोटोत पाहून कोण घेईन?"

"दोर कोणाच्या हातात नाई, अन् डोये कसे काढू?"

"मंग रीतच सांभाळा. पोरगा जाऊ द्या पुण्याले."

मेला फटकळ, पण नेमकं वर्मावर बोट ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी चंद्रभाननं सगळे बैल अंगणात मांडले आणि एकेकाचे डोळे काढले. त्याची बायको मनकर्णाबाई दारात उभी होती. ती एकेका बैलाकडे पाहत राहिली.

वेबसाइट झाली, तीही इंग्रजीत! तान्ह्या पोळ्याचा बैल घेणारा माणूस तेव्हा कुठं इंटरनेटवर बसला होता? पण पानाच्या खाली किती जणांनी पाहिलं त्याचा आकडा दिसायचा. अंकित वर्ध्याहून आला की आकडा वाढल्याचं सांगायचा आणि चंद्रभान ते गल्लीभर सांगत सुटायचा. मी निकेशला गाठून विचारलं. तो हसून म्हणाला, "अंकितच उघडून पाह्यते घडीघडी, म्हणून वाढते." माझं डोकंच फिरलं. चंद्रभानला मात्र मी हे सांगू शकलो नाही.

ऑर्डर एकही आली नाही. पोळा जवळ आला तशी जुनी गिऱ्हाईकं तेवढी आली. नत्थूजी नातवाला घेऊन आले आणि बैल पाहून अंगणातच थबकले.

"याचे डोये कोणासाठी उघडले?"

"फोटोसाठी, नत्थूजी. पुसून पुन्हा काढून देतो."

"उघडलेले डोये पुसतं का कोणी? दुसऱ्याचा बैल मी नातवाले कसा देऊ?"

नातू रडत होता. त्याला ओढत ते बाजाराकडे गेले. बाकीचेही तसेच परतले.

पोळ्याच्या संध्याकाळी अंकित रेल्वेनं गेला. बापानं त्याची बॅग स्टेशनपर्यंत नेऊन दिली.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी चंद्रभान अंगणात नुसता बसून होता. सगळे बैल त्याच्याकडे पाहत होते. मनकर्णाबाई तेव्हा कुठं बोलली, "डोये उघडले त्याइचे. आता पूजेबिगर ठेवता का?"

तो उठला. सगळ्यात लहान बैलाला दोर बांधून गल्लीत निघाला. पोरं खिदळली. मी त्यांच्यावर ओरडलो आणि मग मलाच रडू कोसळलं.

शेजारच्या मंदाबाईनं बैलाला कुंकू लावलं, ओवाळलं. बोजारा घेतलेली मूठ सवयीनं खाली नेली आणि आजूबाजूला पाहत विचारलं, "अन् पोरगं कुठं आहे?"

चंद्रभाननं आपलाच हात पुढं केला.